आदेश नाही, जागेवर

२१ जानेवारी

खारूताईस,

पत्राच्या आरंभी थोरल्या भावाने आशीर्वाद द्यायचा असतो म्हणून देतो आहे. त्याचा गुण येतो असा माझा अनुभव नाही, पण अपाय झाल्याचंही ऐकिवात नाही.

तुझा निरोप पोचला. "नऊ दिवस झाले, दादा फिरकला नाही." अगदी बरोबर. मला सर्दी होती. मान मोडलेल्या माणसापाशी जाऊन शिंकू नये, एवढं वैद्यक मलाही कळतं. तरी बुधवारी रुग्णालयात येऊन गेलो. तिसरा मजला चढलो, दाराच्या काचेतून पाहिलं. भावजींचे डोळे छताकडे होते, तू चमच्याने पाणी पाजत होतीस आणि त्यातलं निम्मं उशीला पाजत होतीस. मी आल्या पावली परत फिरलो. जिन्यात परिचारिकेने विचारलं, "कोण हवंय?" मी म्हटलं, "मजला चुकलो."

डॉक्टर 'बघू' म्हणाले, असं कळलं. 'बघू' हे क्रियापद कचेरीत मी एकोणीस वर्षं ऐकतो आहे. त्याचा अर्थ मला विचारू नकोस.

दुकानं बंद असतात म्हणून पाट्या रंगवायला रविवार बरा, हा भावजींचा शिरस्ता. मी काल त्या गल्लीतून मुद्दाम गेलो. घड्याळजीच्या दुकानाची पाटी अर्धीच आहे. पुढची अक्षरं नुसती खडूने आखलेली. लष्करी ट्रक तिथे वळला, त्याच्यावर दोरीने बांधलेल्या कपाटाचा कोपरा शिडीत अडकला आणि शिडी वरच्या माणसासकट ओढली गेली, असं घड्याळजी सांगतो. शिडी अजून भिंतीशी पडलेली आहे. कुणी उचलत नाही.

तू विचारलं आहेस, ट्रक तुमच्या डेपोतला का? हो. आमच्याकडे एकतीस आहेत, हा सतरा नंबरचा. पण रविवारी मी कामावर नसतो, त्यामुळे मला अधिक माहिती नाही.

सर्दी उतरली की येतो.

दादा

११ मार्च

खारूताई,

परवा रुग्णालयात आलो तेव्हा तू काही बोलली नाहीस, पण भावजी बोलले. "दादा, तुमचं अक्षर कागदावरचं, माझं भिंतीवरचं. तुमचं साहेबलोक वाचतात, माझं वाट चुकलेले वाचतात. कामाचं कुणाचं?" मी म्हटलं, तुमचं. ते म्हणाले, "मग आता वाट चुकलेल्यांनी काय करायचं?" आणि हसले. हसताना त्यांचं फक्त तोंड हसतं, पोट हलत नाही. ते मला बघवलं नाही. मी उगाच हवेवर बोलू लागलो आणि तू भांडी घासायला निघून गेलीस.

तुझ्या वकीलबाईंचं म्हणणं मला पटलं. चालक गरीब माणूस, त्याच्याकडून काय मिळणार? नोकर धन्याच्या कामावर असताना जे करतो ते धन्यानेच केलं असं कायदा मानतो, तेव्हा जबाबदार धनी. म्हणजे लष्कर. सगळं एवढ्यावर अडलं आहे की त्या रविवारी ट्रक कुणाच्या कामावर होता. चालक म्हणतो, मोठ्या साहेबांनी धाडलं, त्यांच्या मेहुणीचं कपाट पोचवायला. मोठे साहेब म्हणतात, मी कुणाला काही सांगितलं नाही, पोराने किल्ली पळवली आणि वरकमाईला गेला. एकाचं खरं तर भावजींना आयुष्यभराचे उपचार. दुसऱ्याचं खरं तर तू, तुझा चमचा आणि उशी.

वकीलबाई आमची गाड्यांची नोंदवही मागवणार असल्याचं ऐकलं. तिच्यावर फार भिस्त ठेवू नकोस, असं मी सुचवेन. मला पाठशाळेत वाचलेल्या नैयायिकांची, त्या तर्कशास्त्र्यांची आठवण होते. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कसं कळतं, यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काथ्याकूट केला. नसणं हाही एक पदार्थ आहे म्हणे, डोळ्यांनी दिसणारा. पण निदान त्यांनी आधी जमिनीकडे बघितलं तरी होतं.

यापुढचं लिहीत नाही. हात भरून आला.

दादा

२ जून

खारूताई,

तुझं पत्र मिळालं. दोनच शब्द आहेत त्यात. 'अक्षर ओळखलं.'

ओळखणारच. पाटीवर तुझा हात धरून गिरवायला मीच शिकवलं. 'ळ'चं पोट फुगवतोस म्हणून तू मला चिडवायचीस. वकीलबाईंनी वहीच्या पानाची नक्कल तुझ्यासमोर ठेवली तेव्हा तू तेच पोट पाहिलं असशील. 'सकाळी' या शब्दात.

तर आता सांगतो. जे मी 'माहिती नाही' म्हणून लिहिलं ते सगळं.

डेपोतली नोंदवही मी ठेवतो. रोज सकाळी आठ वाजता एकेका गाडीपुढे लिहायचं, तिला बाहेर काढायचा आदेश आहे की नाही. असेल तर कुणाचा, कुठे, कशासाठी, आणि तशी चिठ्ठी चालकाला द्यायची. नसेल तर 'आदेश नाही, जागेवर'. रविवारी तासभर येऊन एवढंच काम करायचं. एकतीस वेळा 'आदेश नाही, जागेवर', खाली वेळ आणि सही. रविवारी गाड्या कधी नोंदून जात नाहीत. जातात त्या साहेबांच्या घरकामाला, आणि त्यांची चिठ्ठी सोमवारी दुरुस्तीनंतरची चाचणी फेरी म्हणून फाडतो. हे डेपोत सगळ्यांना ठाऊक आहे, शेडमधल्या मांजरीलासुद्धा.

म्हणून गेली कित्येक वर्षं मी रविवारचं पान शनिवारी दुपारीच लिहून ठेवतो. वेळ लिहितो 'सकाळी ८'. त्या शनिवारीही साडेचारला लिहिलं. सही केली, शाई टिपली, वही कपाटात घातली. सायकल काढून फाटकाशी आलो तर मोठे साहेब उभे. चालकाला सांगत होते, "उद्या सकाळी सतरा नंबर काढ. कपाट आहे. दोरी चांगली बांध, पॉलिश गेलं तर बघ." चालकाने मला विचारलं, "शास्त्रीबुवा, चिठ्ठी?" डेपोत मला शास्त्रीबुवा म्हणतात, त्यात आदर किती हे त्यांनाच ठाऊक. मी म्हटलं, "सोमवारी."

मी मागे फिरायला हवं होतं. पंचवीस पावलं. वही काढायची, सतरा नंबरपुढचे शब्द खोडायचे, वर आदेश लिहायचा. का नाही फिरलो? घाई नव्हती. साहेबांची भीतीही नव्हती, त्यांना चिठ्ठी असली काय नि नसली काय. खरं कारण सांगायची लाज वाटते. माझ्या वहीत एकोणीस वर्षांत एकही खाडाखोड नाही. तपासणीला येणारा प्रत्येक अधिकारी तिची पानं उलटून बघतो आणि 'वा' म्हणतो. एवढी एक 'वा' मला या नोकरीत मिळत आली आहे. त्या स्वच्छ पानावर रेघ मारायचं माझ्या जिवावर आलं.

सोमवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, वही बदलायला सांगतील. त्यांनी एवढंच विचारलं, "रविवारचं पान भरलेलं आहे?" मी म्हटलं, आहे. "काय भरलं आहे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम." मला खोटं बोलायला कुणी सांगितलं नाही, खारूताई. ते मी आधीच करून ठेवलं होतं.

सर्दी मला नव्हती.

दादा

१९ नोव्हेंबर

खारूताई,

पाच महिन्यांत तुझी ओळ नाही. हक्क आहे तुला. पण साक्षीला तू समोरच्या बाकावर होतीस आणि पूर्ण वेळ माझ्या चपलांकडे बघत होतीस, म्हणून काय झालं ते लिहून ठेवतो. कोर्टात बोललेलं नीट ऐकू येत नाही, पंख्यांचा आवाज फार.

आधी वकीलबाईंनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, फाटकापाशी ऐकलेल्या आदेशासकट. मग सरकारी वकील उठले. मुलगाच आहे, पण आवाज मुरलेला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"सही?"

"तीही."

"खाली वेळ काय आहे?"

"सकाळी आठ."

"म्हणजे सकाळी आठ वाजता तुम्ही खोटं लिहिलंत?"

"नाही. आठ वाजता मी घरी दाढी करत होतो. खोटं आदल्या दिवशी साडेचारला लिहिलं."

लोक हसले. न्यायाधीशही किंचित. मला तेव्हाच कळायला हवं होतं. हसवणाऱ्या साक्षीदारावर कुणी विश्वास ठेवत नाही.

"वादी तुमच्या कोण?"

"बहीण."

"चुलत, मावस?"

"सख्खी. पाठची."

"एकोणीस वर्षं ही वही खरी होती. बहीण वादी झाली आणि वही खोटी झाली. असंच ना?"

"वही आधीपासूनच खोटी होती. बहीण वादी झाली म्हणून मी बोललो."

"म्हणजे बहिणीसाठी बोललात."

"हो."

"हे 'हो' तेवढं नोंदवून घ्यावं," ते न्यायाधीशांना म्हणाले आणि खाली बसले.

नंतर मोठे साहेब आले. त्यांनी वहीवर हात ठेवून सांगितलं की हीत लिहिलं आहे ते सर्व खरं आहे. माझं एवढं कौतुक त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात तू माझ्या बाजूने गेलीस. थांबली नाहीस, पण चाल जरा मंदावली. की गर्दीमुळे? तेवढं एक कळवशील?

दादा

८ एप्रिल

खारूताई,

निकालाची प्रत तुझ्याकडे आहेच. मी माझी वकीलबाईंकडून मागून घेतली. दोनदा वाचली. भाषा चांगली आहे.

चालक धन्याच्या आदेशाविना गाडी घेऊन गेला, सबब धनी जबाबदार नाही. आदेश नव्हता याला पुरावा नोंदवही. त्या परिच्छेदात एक वाक्य आहे. 'वही अत्यंत स्वच्छ असून तीत कोठेही खाडाखोड आढळत नाही, त्यावरून ती नेमाने व जागच्या जागी लिहिली गेली असे मानण्यास हरकत नाही.' आणि माझ्याबद्दल: 'हा साक्षीदार वादीचा सख्खा भाऊ असून त्याचे कथन भ्रातृप्रेमातून आलेले दिसते.' जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला प्रेमळ भाऊ म्हटलं, तेही मोहोर लावून.

आता दुसरा कागद. तो तुला ठाऊक नाही. निकालानंतर सहाव्या दिवशी मला कचेरीतून आला. 'आपण आपल्या कबुलीनुसार नोंदवहीत खोटी नोंद केली, सबब आपणास निलंबित करून चौकशी आरंभण्यात येत आहे.' खाली सही मोठ्या साहेबांची. त्याच साहेबांची, ज्यांनी वही खरी आहे असं शपथेवर सांगितलं. कोर्टाच्या खोलीत माझी वही खरी आणि मी खोटा. कचेरीच्या खोलीत मी खरा आणि वही खोटी. मधे एक रस्ता आहे. तो ओलांडला की पदार्थाचा धर्म बदलतो, असं कुठल्याही दर्शनात मी वाचलेलं नाही.

तो कागद घेऊन मी वकीलबाईंकडे धावलो. वाटलं, आता सापडले. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाल्या, "काका, यात ते एवढंच म्हणतात की तुम्ही कबूल केलंत. त्यात नवीन काय? अपील करू या. वर लावू हा कागद. पण तीनचार वर्षं धरून चाला." मी म्हटलं, भावजींची पाठ तीनचार वर्षं धरणार नाही. त्यांनी कागदाची घडी करून परत दिला. बऱ्या आहेत त्या. 'बघू' म्हणाल्या नाहीत.

पडून पडून पाठीला झालेल्या जखमा हाडापर्यंत गेल्या, असं शेजारणीकडून कळलं. रुग्णालयाने त्यांना घरी न्यायला सांगितलं, हेही. मी येऊन कुशीवर वळवायला मदत करू का? एकटीने होत नाही ते. घरात माझ्याशी बोलू नकोस, चालेल. मी फक्त खांदे धरीन.

दादा

३० जुलै

खारूताई,

तू आलीस त्याला आज तीन दिवस झाले. घर झाडलेलं नव्हतं. तू खुर्चीवरची पुस्तकं जमिनीवर ठेवून बसलीस, जशी लहानपणी रुसून आल्यावर बसायचीस. दीड वर्षाने तू "दादा" म्हणालीस. पुढे जे म्हणालीस ते मी जसंच्या तसं इथे लिहितो. तुला त्याची लाज वाटते आहे, हे मला दारातच दिसलं होतं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, हे तुला कागदावर वाचायला मिळावं.

"लष्कराच्या रुग्णालयात पाठीच्या रोग्यांचा वेगळा कक्ष आहे. तिथे दर दोन तासांनी वळवतात. हवेच्या गाद्या आहेत. तुमच्या मोठ्या साहेबांना भेटले मी. घेतो म्हणाले."

"कशाच्या बदल्यात?"

"दयेपोटी म्हणून घेणार. हक्क म्हणून नाही. अपील करणार नाही असं लिहून द्यायचं. आणि चालकाने गाडी स्वतःच्या मनाने नेली, हेही."

"दिलंस?"

"दिलं."

तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस.

"पण तुझी कबुली फाइलीत आहे, दादा. तुझी चौकशी चालू आहे. कबुली आहे तोवर यांना आत घेतलं तर चूक मान्य केल्यासारखं होतं म्हणतात. ती परत घे."

"म्हणजे मी खोटं बोललो असं लिहू?"

"खरं बोललास ते मी ऐकलं ना? तेवढं पुरे. मला पुरे. आता परत घे."

नंतर तू रडली असतीस तर बरं झालं असतं. तू विचारलंस, चहा आहे का. दूध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तुरुंगात जाऊन चालकाला भेटलो, गाडी पळवून अपघात केला म्हणून तो तिथे शिक्षा भोगतो आहे. माझ्या एका सहीने तो कायमचा चोर ठरणार होता, त्याला न विचारता ती कशी करू? जाळीच्या पलीकडून त्याने सगळं ऐकलं. पोरगा वाळला आहे.

"काका, त्या पेंटरकाकांचं पडणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही," तो म्हणाला. "आरशात बघितलं असतं तर दिसले असते. मी दोरीकडे बघत होतो. पॉलिश जाईल म्हणून."

"तुझं नाव साफ व्हायची ही शेवटची वाट आहे. मी सही केली की ती बंद."

"माझे पाच महिने राहिलेत. नाव साफ होईस्तोवर मी तसाही सुटेन. आणि साफ नाव घेऊन गाडी कोण देणार मला?" मग म्हणाला, "हवेची गादी असते का खरंच तिथे?"

मी म्हटलं, असते म्हणतात.

"मग करा."

काल सही केली. मजकूर त्यांनीच टंकून ठेवला होता. मी साक्षीत सांगितलं ते बहिणीच्या मायेपोटी व स्मरणदोषाने सांगितलं. प्रत्यक्षात मी त्या रविवारी सकाळी आठ वाजता कचेरीत हजर होतो, गाडी क्रमांक सतरासाठी कोणताही आदेश नव्हता. त्यांनी विचारलं, काही बदल करायचा आहे का? मी म्हटलं, नाही. पहिल्यांदा खोटं लिहिलं ते आळसाने आणि गर्वाने. या खेपेला शुद्धीवर राहून, एकेक शब्द वाचून लिहून दिलं. फरक कुठे पडतो असं म्हणशील. कागदावर पडत नाही.

मोठ्या साहेबांनी पाणी मागवलं. म्हणाले, "शास्त्रीबुवा, चौकशी बंद. सोमवारपासून या. तुमच्याशिवाय वहीची अगदी दुर्दशा झाली आहे." मी येतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दुसरं काम मला येत नाही.

उद्या सकाळी दहा वाजता रुग्णवाहिका येईल. खाट खिडकीकडची आहे. शिपायाला मी दोनदा विचारून घेतलं. भावजींचे कपडे समोरून उघडणारे असू देत, बटणांवाले. त्यांचं ब्रशांचं खोकं नेऊ नकोस, ते मागतील तरी. मला तिथे भेटायला यायची मुभा नाही. ती अट साहेबांनी तोंडी सांगितली आहे, लेखी नाही. तेव्हा तिच्याविरुद्ध कुठे दादही मागता यायची नाही.

एक कर. आत नेल्याबरोबर ते विचारतील, इथे कसं काय घेतलं आपल्याला? निकाल तू अजून त्यांना सांगितलेला नाहीसच. सांग, खटला जिंकलो. सांग की कोर्टाने लष्कराला जबाबदार धरलं. विश्वास ठेवतील. दीड वर्ष छताकडे बघणाऱ्या माणसाला कुणी काही जिंकलं म्हटलं की तो शंका काढत नाही. 'दादांनी काय केलं?' असं विचारलं तर सांग, साक्ष दिली. हे तर खरंच आहे.

भरतीचा कागद मात्र खाटेच्या पायथ्याशी लावू देऊ नकोस. त्यावर 'दयेपोटी' असं मोठ्या अक्षरात छापलेलं आहे आणि त्यांची नजर अजून चांगली आहे.

दादा